खालच्या लाइनीची पाळी

त्या सालात आमच्या गावात पाव्हन्यायची रीघ लागलती. कापसाचा पार बट्ट्याबोळ झालता, यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येये, अन कोनी ना कोनी जीप घेऊन इचाराले येये. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले, मुंबईचे आले. एक गोरा बुवाही येऊन गेला, त्यानं आमच्या कुत्र्याचा फोटू काढला. सारे पारावर बसत, च्या पेत अन इचारत, "वावर किती एकर?" आमी म्हनो, "वावर नाही जी." का लगेच पेनाले टोपन लागे.

नोतंच वावर, त काय सांगाव? आमची खालची लाइन म्हंजे सहा घरं, साही बायायची. कोनाचा नवरा मेलता, कोनाले नवऱ्यानं हाकललं होतं. मी मथुराबाई. माहा नवरा पुसदच्या बजारात बैल पाहाले गेलता, तो बारा वर्स झाले अजून बैलच पाहून राह्यला. बाजूले शकुबाई, तिचा मालक अकरा सालाआंधी वारला. तिच्या पल्याड सुखीबाई, तांड्यावरची, नवऱ्यानं सवत आनली तवा गाठोडं घेऊन निंगून आली. तिच्यासमोर इंदूबाई, तिचं अन सुखीबाईचं रोज वाजे. आमी साऱ्या दुसऱ्याच्या वावरात निंदन करो, कापूस वेचो. कापूस पडला का आंधी आमची मजुरी पडे, पन वेचनारीले इचाराले कोनी आलं नाही.

तशी आमाले बाकी कोनाची गरजही नोती. आमाले पानी पाहिजे होतं.

गावात नळ आलता. टाकी उंचावर, मंग वरची आळी, मंग मधली, अन साऱ्यायच्या शेवटी आमी. पंचायतीनं उकंडा नावाचा मानूस ठेवलता नळाचा वाल सोडाले. हातभर लांब पान्हा खांद्यावर घेऊन तो अस्सा चाले, जसं काही धरनच त्याच्या बापाचं आहे. वरच्या आळीची पाळी झाली, मधलीची झाली, का टाकी खाली. आमी मंग नाल्यापल्याडच्या विहिरीवर जाओ, पाऊन कोस. येतानी चढ आहे. शकुबाई त्या चढावर तीन डाव बसे. मी म्हनो, "काय होते व तुले?" ती म्हने, "काही नाही, चप्पल टोचते." चप्पल तिच्या पायात राहेच नाही.

त आमी साही जनीनं अंगठे लावून पंचायतीत अर्ज देल्ला, का आमच्या लाइनीले पाळी लावून द्या. सरपंच सदाशिवराव म्हने, "सर्व्हे होईन, मंग पाहू."

आता हा पाळी शबुद ध्यानात ठेवा. आमच्या लाइनीत पाळी म्हंजे नळाची, नाहीत वावरातल्या डवऱ्याची. बाईमानसाच्या त्या गोष्टीले आमी अडचन म्हनो, नाहीत कावळा शिवला म्हनो. शहरातले लोक त्याले काय म्हनतेत ते मले आज मालूम आहे. तवा नोतं.

वेचनीच्या दिवसात डॉक्टरकीच्या कॉलेजातले दोन पोट्टे आले. पोरगी वैष्णवी, काडीवानी बारीक, चष्मेवाली. पोरगा रोशन, मिशी नुकतीच फुटलेली, तिलेच हात लावत राहे. त्यायच्या कॉलेजात काही नवीन निंगालं होतं, का तीन महिने दर शनवारी गावात जाचं, गरीब बायायसंगं राहाचं, काम कराचं, त्यायचं दुखनंखुपनं समजून घ्याचं. वैष्णवी म्हने, "मावशी, आम्ही तुमच्याकडून शिकायला आलोय."

मी म्हनलं, "मायापाशी? मी दुसरीत शाळा सोडली व माय. मास्तरीनबाईची बकरी हरवली, तिले पाहाले मले पाठवलं. बकरी भेटली, पन मंग शाळेत कायले जाव?"

पहिल्या शनवारी दोघंही आमच्यासंगं वेचाले आले. दुपारपर्यंत पोरीच्या ओटीत जेवढा कापूस झाला, तेवढा सांजच्याले माह्या डोस्क्याले चिकटून येते. पोरानं त बोंडंच्या बोंडं तोडून आनले, पाल्यासकट. पन दोघायनंही कापसाची शेवटची ओळ येईपर्यंत कंबर वर केली नाही. मले आवडलं ते.

तिसऱ्या शनवारी त्यायनं फारम आनला. शकुबाईच्या ओट्यावर बसलो. वैष्णवी इचारे, रोशन लिवे. बायायच्या गोष्टी म्हनून तो भिताडाकडं तोंड करून बसलता. भिताडावर शकुबाईच्या गवऱ्या थापल्या होत्या, त्यायच्याकडं पाहू पाहू लिवे.

वैष्णवीनं आवाज बारीक केला. "मावशी, आता थोडं पाळीबद्दल विचारायचं आहे. लाजू नका, खरं खरं सांगा. हा सर्व्हे त्यासाठीच आहे."

मी शकुबाईकडं पाह्यलं, शकुबाईनं मायाकडं. आला बाप्पा, सर्व्हे आला.

"आमाले कायची लाज?" मी म्हनलं. "लाज त वरच्या आळीले वाटाले पाहिजे. तू इचार."

"पाळी नियमित येते का?"

"नाही."

"कोणाचीच नाही?"

"साही जनीची एकसंगंच राह्यते. आली त साऱ्यायची, नाहीत कोनाचीच नाही."

पोरीनं चष्मा वर केला. "शेवटची कधी आली होती?"

"पोळ्याले," शकुबाई म्हने. "सन होता म्हनून आली, नाहीत तवाही नसती आली."

"म्हणजे साडेतीन महिने झाले. आणि येते तेव्हा किती दिवस राहते?"

"दिवस?" सुखीबाई हासली. "पंधरा मिन्टं."

रोशननं गवऱ्यायले इचारलं, "पंधरा मिनिटं लिहू?"

"लिव," मी म्हनलं. "घडी लावून पाह्यलं आमी."

"रंग कसा असतो?"

"पहिले लाल, जंगावानी. मंग गढूळ."

"वास येतो?"

"येते न. बेंडकावानी."

"त्या वेळी काही त्रास? चिडचिड वगैरे?"

"चिडचिड त इचारूच नोको," सुखीबाई म्हने. "मांगच्या पाळीत या इंदीनं माह्या डोस्क्यात पितळी गडवा हानला. हे पाय, टाका."

"तू काहून मधात शिरली?" इंदूबाई म्हने.

वैष्णवीनं रोशनले सांगतलं, चिडचिडीच्या पुढं 'तीव्र' लिव. मंग म्हने, "कापड वापरता का?"

"वापरतो न. जुन्या लुगड्याचं, दोन पदरी. धुऊन उन्हात वाळवतो. त्याच्याबिगर कसं चालन, पोटात किडे जातीन न."

हे तिले समजलं नाही, पन तिनं मान हालवली. "हे तुम्ही कोणाला सांगितलं का? दवाखान्यात वगैरे?"

"दवाखान्यात कायले? पंचायतीत अर्ज देल्ला. ग्रामसभेत वाचून दाखवला, सारं गाव बसलं होतं."

"पाळीचा अर्ज? सगळ्या गावासमोर?"

"मंग काय चोरून द्याव?"

"काय म्हणाले ते?"

"सरपंच म्हने, आंधी वरच्या आळीच्या बायायची होऊ द्या. उरली त तुमाले."

"उरली तर," वैष्णवी हळूच म्हने.

"सारं उकंड्याच्या हातात आहे न बाई. तो सोडन तवा येते, तो बंद करन तवा बंद."

"उकंडा कोण?"

"गावातलाच मानूस. पंचायतीनं त्याच कामाले ठेवला."

तवा रोशननं पहिल्यांदा गवऱ्यायकडचं तोंड फिरवलं. त्याची मिशी पांढरी पडलती म्हनलं तरी चालन. दोघंही उठले अन च्या न पेता यष्टी पकडाले गेले. आमी म्हनलं, पोट्ट्यायनं मनावर घेतलं.

मंगळवारी जीप आली. पोट्ट्यायसंगं त्यायची मोठी मॅडम. भारी आंगाची, पांढरा अंबाडा, सुती लुगडं, अन चालनं असं का कोंबड्या रस्ता सोडून देत. शकुबाईच्या घरात शिरली, खाटेवर बसली, म्हने, "तीस वर्षं शिकवते आहे मी. असा प्रकार ऐकला नाही."

"आमीही नाही," मी म्हनलं.

मॅडमनं शकुबाईले वय इचारलं. "असन पन्नास," शकुबाई म्हने.

"मग या वयात पाळी थांबूही शकते."

"वयाचं काय घेऊन बसल्या मॅडम? ऐंशी वर्साच्या म्हातारीलेही लागते."

मॅडमनं तिच्याकडं जरा येळ पाह्यलं. "बरं. दिवस गेले असतील, असं तर वाटत नाही?"

"कोनाले?"

"तुम्हाला."

शकुबाई अशी लाल झाली का मले वाटलं आता ही गवरी फेकून मारते. "मालक जाऊन अकरा वर्स झाले माह्या," ती म्हने, "अन तुमी माह्या घरात बसून—"

अन तिथंच माह्या डोस्क्यात उजेड पडला. लाल. वास. कापड. अरे देवा. पोट्ट्याच्या फारमात काय काय लिवलं गेलं ते सारं एका दमात डोयापुढून गेलं. मी तोंड उघडलं सांगाले, तेवढ्यात दारात उकंडा. पाळीची चौकशी कराले जीप आली हे त्याले पारावर समजलं होतं, तो पान्ह्यासकट धावत आलता.

"मॅडम, माहा काही दोष नाही," तो म्हने.

"तुम्हीच उकंडा का? या बायकांची पाळी तुम्ही बंद केली?"

"माह्या मनानं नाही जी. सरपंच सांगते, मी बंद करतो."

"बंद करता म्हणजे? कशी?"

"पान्ह्यानं." त्यानं खांद्यावरचा पान्हा खाली घेतला. "दोन आटे फिरवले का बंद."

मॅडमनं खाटीचा माचवा धरला. रोशन दोन पावलं मांगं सरकला.

"अन सरपंचाच्या घरची रे?" मीच इचारलं.

"त्यायची कशी बंद करन? त्यायची चोवीस घंटे चालू राह्यते."

वैष्णवीनं पान्ह्याकडं पाह्यलं. मंग भिताडाशी लावलेल्या पान्याच्या रिकाम्या गुंड्यायकडं. मंग मायाकडं. चष्म्याच्या मांगं तिचे डोये एवढे झाले. पोरीले समजलं. तिनं तोंड उघडलं.

मी मान हालवली, इतकीशी. आता ती बोलली असती त मॅडम जीपीत बसून गेली असती, अन आमच्या गुंड्या तशाच राह्यल्या असत्या. चूप बसली असती त मॅडमनं मांगून तिलेच धरलं असतं. तिचे मार्क मॅडमच्या हातात, आमची पाळी उकंड्याच्या. ती म्हने, "मॅडम, सरपंचांना बोलावून लेखी घेतलं पाहिजे."

मी शकुबाईच्या पायावर पाय ठेवला, म्हंजे तिनंही बोलू नोये. ती अजून रागातच होती.

सदाशिवराव इस्तरीचा सदरा घालून आले. त्यायले कोनं तरी सांगतलं होतं का जिल्ह्यावरून पान्याची मोठी मॅडम आली. दारातूनच हात जोडले.

मॅडम म्हने, "साडेतीन महिने बंद? बायकांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, माहीत आहे?"

"होते जी परिनाम."

"मग?"

"वरच्या आळीचं प्रेशर येते जी."

"यात वरच्या आळीचा काय संबंध?"

"संबंध नाही जी. चुकलं."

"मी उद्या कलेक्टरांकडे जाणार आहे."

सदाशिवरावाच्या इस्तरीले घाम सुटला. "त्यायले कायले तकलीब? मी आत्ता लिवून देतो." पंचायतीचं पॅड त्यायनं संगंच आनलं होतं, शिक्का त झोपतानीही त्यायच्या खिशात राहे. तिथंच खाटीवर ठेवून लिवलं, शिक्का मारला, त्यावर फुंकर मारली. वैष्णवी म्हने, "रोशन, मोठ्यानं वाच."

रोशननं वाचलं: "खालच्या लाइनीतील सहा महिलांची पाळी सोमवारपासून एक दिवसाआड सकाळी सात ते आठ या वेळेत नियमित सुरू करण्यात येईल. खंड पडल्यास सरपंच स्वतः जबाबदार राहतील."

वाचता वाचता त्यालेही समजलं. 'स्वतः जबाबदार'पाशी त्याचा आवाज चिरकला, त्यानं मिशीवर हात ठेवला तो काढेचना. मी कागद त्याच्या हातून घेतला, घडी केली अन चोळीत घातला.

"एक दिवसाआड?" मॅडम म्हने. "सात ते आठ?"

"कमी होते काय जी?" सदाशिवराव म्हने. "टाकीत पानी राह्यलं त रोज करू."

"टाकीत." मॅडमनं पान्ह्याकडं पाह्यलं. "तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"नळाबद्दल जी. तुमी?"

मॅडमनं रोशनच्या बगलेतला फारम ओढून घेतला.

मॅडम वैष्णवीकडं वळली. "सहा बायका, एकाच दिवशी, पंधरा मिनिटं, बेडकाचा वास. तुला शंका आली नाही?"

"आली मॅडम. मला वाटलं..."

"वाटलं काय? सगळं पुन्हा करावं लागेल तुला. तीन महिने, पहिल्यापासून."

पोरीची हनुवटी हालाले लागली. मले ते पाहवलं नाही. मी उठली. "मॅडम, रागवाचं असन त मायावर रागवा. तिनं पाळी इचारली, आमी पाळी सांगतली. अन पान्हा पाह्यल्यावर तिले समजलं होतं, ती सांगतच होती. मीच मान हालवून चूप बसवलं."

"का?"

मले काही नीट बोलता येत नाही मोठ्या लोकायपुढं. रोशननं बायायले तोलाले वजनकाटा आनला होता. शकुबाईची सकाळची शेवटची खेप तशीच उतरंडीले भरून होती, मोठी गुंडी अन वर लहान. मी दोनी उचलून काट्यावर ठेवल्या. म्हनलं, "वाच रे बापू."

"सव्वीस किलो," रोशन म्हने.

"किती खेपा?" मॅडमनं इचारलं.

"सकाळच्या चार, सांजच्या दोन. नाल्यापल्याडून. अन ते फक्त पेन्याचं अन सैपाकाचं."

मॅडमनं काट्याकडं पाह्यलं, मंग शकुबाईकडं. शकुबाई नेहमीवानी एका आंगावर बसलती. मॅडम एकदम वेगळ्याच आवाजात म्हने, "बाई, तुम्ही अशा एका बाजूनं का बसता?"

शकुबाईनं पदर सावरला अन दारातल्या गड्यायकडं पाह्यलं.

"तुम्ही तिघं बाहेर जा," मॅडम गड्यायले म्हने. सदाशिवराव, उकंडा अन रोशन जाऊन निंबाखाली बसले.

मंग शकुबाईनं सांगतलं. भुईकडं पाहत, इतक्या हळू का मॅडमले खाली वाकाव लागलं. आंग बाहेर येते म्हने. चार वर्स झाले. ओझं घेऊन चढ चढली का येते, फडकं बांधून चालते, बसून आत लोटते अन पुन्हा उठते. माह्या अन तिच्या घराच्या मधात एकच भिताड आहे. तिनं कूस बदलली तरी मले ऐकू येये, अन हे मले मालूम नोतं.

"सांगतलं काहून नाही व?" मी म्हनलं.

"कोनं इचारलं?" ती म्हने.

मॅडमनं दार लावून तपासलं. बाहेर आल्यावर सांगतलं, का ऑपरेशन करू, नीट होते, भेवाचं काही नाही, पन आजपासून हिनं गुंडी उचलाची नाही. वैष्णवी डोये पुसून फारमावर शकुबाईचं सारं नवीन लिवत होती. ह्या डाव तिनं प्रत्येक शबुद आमाले इचारला, का मावशी याला तुम्ही काय म्हणता, अन आमी सांगू तसा लिवला. जुन्या फारमाले ती फाडाले लागली त मॅडमनं हात धरला. म्हने, "राहू दे. पुढच्या वर्गाला दाखवायला लागेल." अन पहिल्यांदा हासली. हासली ते थांबेच ना, खाट करकराले लागली. आमीही हासलो. निंबाखालचे तिघं घाबरून इकडं पाहत होते.

जीपीत बसता बसता मॅडम म्हने, "वैष्णवी, तीन महिने पुन्हा करायचे म्हणजे करायचेच. सोमवारपासून. सकाळी सात वाजता इथं हजर."

सोमवारी सातच्या आंधीच दोघं हजर. सहा घरायच्या गुंड्या, बाल्ट्या, गंगाळं, रांगेत लावलेले. शकुबाईले आमी ओट्यावर बसवलं होतं, तिले उचलाले मना होतं, पन बोलाले कोनी मना केलं नोतं. सात वाजता तोटीनं खोकलून पाह्यलं. हवा आली, मंग लाल पानी, मंग गढूळ. रोशन घडी धरून उभा. पंधरा मिन्टं होत आले तशी इंदूबाईनं सुखीबाईची बाल्टी पायानं सरकवली, सुखीबाईनं गडव्यावर हात ठेवला. पंधरा झाले. सोळा झाले. धार तशीच, मनगटाएवढी.

साडेसातले गुंड्या सरल्या. इंदूबाई घरातून परात घेऊन आली, सुखीबाई दिव्याची वाटी घेऊन आली. शकुबाई ओट्यावरून वरडे, "अव सांडून राह्यलं न, बंद करा कोनी."

आठले उकंडा पान्हा घेऊन आला. वैष्णवीच्या वहीत डोकावला. "लिवा ताई," तो म्हने, "पाळी चालू."

"रंग?" रोशननं इचारलं. ह्या डाव त्याचं तोंड आमच्याकडं होतं.

"पांढरा," मी म्हनलं. "वास नाही."

"चिडचिड?"

सुखीबाईनं इंदूबाईच्या परातीकडं पाह्यलं. तिनं सुखीबाईच्याच वाट्याचं पानी भरलं होतं.

"ते राहू दे," सुखीबाई म्हने. "तीव्र."